विकायला काढलेलं घर आणि चालू कॅमेरे

ताई, नमस्कार.

कोथरूडला एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. माझे मिस्टर आणि धाकटे दीर, दोघांच्या नावावर. आम्ही बाणेरला राहतो, दीर नाशिकला. सासूबाई शेवटची काही वर्षं त्या घरात एकट्या होत्या, दिवसा सांभाळायला बाई यायची. म्हणून आम्ही तीन कॅमेरे बसवले होते: एक दाराबाहेर, एक हॉलमध्ये, एक त्यांच्या झोपायच्या खोलीत. त्या गेल्या आणि कॅमेरे काढायचे राहूनच गेले.

आता घर विकायला काढलंय. किल्ली समोरच्या काकूंकडे असते. एजंट गिऱ्हाईक घेऊन आला की त्या दार उघडून देतात. तीसेक वर्षांचा शेजार आहे, रोज येऊन तुळशीला पाणी घालतात, देवापाशी दिवा लावतात. कुणी आत आलं की माझ्या मोबाइलवर सूचना येते. आधी मी फक्त दिवे-पंखे बंद केले का एवढंच बघायचे. मग बोलणंही ऐकायला लागले.

मागच्या रविवारी एक जोडपं मुलाच्या आईवडिलांना घेऊन आलं होतं. एजंट खाली पार्किंगपाशी थांबला होता. हॉलमध्ये ती दोघं बोलत होती, "सव्वा कोटीपर्यंत जाऊ, पण तू एक-दहापासून सुरू कर." आम्ही १ कोटी ३० लाख सांगतोय आणि १ कोटी १५ लाखांपर्यंत उतरायचं घरात ठरलं होतं. आता मिस्टर म्हणतात, सव्वाच्या खाली एक रुपया नाही. त्या मुलीच्या सासूबाई पुढे म्हणाल्या, "म्हातारीच्या खोलीला वास येतोय, सगळं उखडूनच काढावं लागेल." ते ऐकल्यापासून मला नीट झोप नाही. दिरांच्या फोनवरही ॲप आहे. त्यांनी ती क्लिप घरच्या ग्रुपवर टाकली.

अजून एक. काकूंना कॅमेरे माहीत आहेत, पण त्यात आवाज येतो हे माहीत नाही. एकदा त्या आमच्या हॉलमध्ये बसून बहिणीशी फोनवर बोलत होत्या, घरातलं काहीतरी, आणि रडत होत्या. मी बंद केलं, पण ऐकून झालं होतं.

मिस्टर म्हणतात, आपलं घर, आपले कॅमेरे, यात गैर काय? मला पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही. कॅमेरे काढू की ठेवू? आणि जे ऐकलं त्याचं काय करू?

— एक वाचक, बाणेर

*

नमस्कार.

कॅमेरे सगळे काढायची गरज नाही. झोपायच्या खोलीतला मात्र आजच काढा. उरलेल्या दोघांचा आवाज बंद करा, आणि घर बघायला येणाऱ्या प्रत्येकाला कॅमेरे आहेत हे आत पाऊल टाकण्याआधी कळेल अशी व्यवस्था करा. ऐकलेला आकडा भावासाठी वापरू नका. काकूंना तुम्ही स्वतः जाऊन सांगा. हे सगळं का, ते आता सविस्तर लिहिते. सुरुवात झोपायच्या खोलीपासून करते, कारण तिथे थांबायला वेळ नाही.

घर बघायला सगळं कुटुंब येतं. तान्हं मूल घेऊन आलेली बाई असते, पोर रडायला लागतं, ती आतल्या खोलीत जाऊन दार लोटते आणि त्याला पाजते. कुणी साडीची पिन नीट करायला आत जातं. रिकाम्या घरातल्या आतल्या खोलीत आपल्याला कुणी पाहत असेल असं कुणाच्याही मनात येत नाही, येऊही नये. तुमचा कॅमेरा त्या वेळी चालू असला तर जे चित्रीकरण होईल ते कायद्याच्या फार गंभीर कक्षेत जातं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ नेमकं याच विषयावर आहे: जिथे आपल्याला कुणी पाहणार नाही असं बाईला रास्तपणे वाटतं, तिथे तिला खासगी अवस्थेत पाहणं किंवा टिपणं. पहिल्या गुन्ह्यालाही किमान एक वर्ष आणि कमाल तीन वर्षं कैद आहे, वर दंड. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई हे कलमही आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तुमच्या मनात तसं काही नाही हे मला दिसतंय. पण ते चित्रीकरण तुमच्या आणि दिरांच्या, दोन फोनांवर पोचणार, आणि हेतू काय होता हे समजावत बसायची पाळी तुमच्यावर येणार. तिथवर जायचंच कशाला?

कॅमेरा नुसता ॲपमधून बंद करू नका. भिंतीवरून उतरवा. बंद कॅमेराही बघणाऱ्याला चालूच वाटतो. त्यातलं मेमरी कार्ड काढून घ्या, आणि घर दाखवायला सुरुवात केल्यापासूनचं चित्रीकरण बघत न बसता पुसून टाका. त्याआधीचं, सासूबाईंचं काही त्यात किंवा ॲपच्या क्लाउडवर उरलं असेल आणि ते जपायचं असेल, तर तेवढं वेगळं काढून ठेवा. बहुतेक कार्डं भरली की जुन्यावर नवं लिहीत जातात, त्यामुळे फार मागचं सापडेलच असं नाही. कॅमेरे काढायचे राहून गेले असं तुम्ही लिहिलंय. माणूस गेल्यावर त्याच्या खोलीतली वस्तू हलवायला हात होत नाही, हेही त्यात असेल. पण ती खोली आता परक्या माणसांसाठी उघडली जाते आहे.

दाराबाहेरचा आणि हॉलमधला कॅमेरा ठेवा, त्यांचं काम खरं आहे. विक्रीला लावलेल्या घराचे फोटो मालमत्तेच्या साइटवर जातात, त्यावरून घर रिकामं आहे हे कुणालाही कळतं. किल्ली हातोहात फिरते. कोण किती वाजता आलं, बाहेर पडताना दार ओढून घेतलं का, नळ चालू राहिला का, हे बाणेरला बसून कळणं गरजेचं आहे. पावसाळ्यात तर जास्तच. बाल्कनीची जाळी कचऱ्याने तुंबली की पाणी हॉलमध्ये येतं आणि खालच्या मजल्यावरचे लोक छताला ओल आली म्हणून फोन करतात. शिवाय साठेखत झाल्यावर तुमची जबाबदारी वाढते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत विकणाऱ्याने मालमत्तेची आणि तिच्या कागदपत्रांची काळजी शहाणा मालक घेईल तशी घ्यायची. त्या काळात घरावर नजर ठेवणं हे तुमचं कामच आहे.

फक्त ती नजर कुठे असावी ते बदला. हॉलमधला कॅमेरा सोफ्याकडे तोंड करून असेल असा माझा अंदाज, कारण सासूबाई तिथे बसत असणार. तो फिरवून मुख्य दाराकडे करा, म्हणजे आत येणारा आणि बाहेर जाणारा तेवढा दिसेल. बाहेरचा कॅमेरा काकूंचं दार उघडल्यावर त्यांच्या घरात डोकावतो का, ते त्यांच्या दारात उभं राहून पाहा. समोरासमोर दारं असलेल्या जुन्या इमारतींत हे हमखास होतं. बऱ्याच ॲपमध्ये चित्राचा ठरावीक भाग काळा करून झाकता येतो, ती सोय वापरा. आणि जिन्यासमोरची जागा सोसायटीची आहे, तेव्हा तिथल्या कॅमेऱ्याबद्दल सेक्रेटरींना दोन ओळींचं पत्र देऊन ठेवा.

आता आवाज. तुमच्या सगळ्या अडचणींचं मूळ तिथे आहे. चित्रात फक्त माणूस आला-गेला एवढं कळतं. आवाजात त्याच्या घरातलं सगळं येतं.

आवाज बंद करणं म्हणजे तुमच्या फोनवरचा स्पीकर बंद करणं असं समजू नका. तसं केलं तर तुम्हाला ऐकू येत नाही, पण कार्डावर आवाज नोंदला जातच राहतो आणि दिरांच्या फोनवर ऐकू येतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ऑडिओ किंवा मायक्रोफोन असा वेगळा पर्याय असतो, तो बंद करायचा. डीव्हीआर (सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण साठवणारी पेटी) असेल तर त्यात ‘व्हिडिओ आणि ऑडिओ’ ऐवजी नुसता ‘व्हिडिओ’ निवडायचा. मग एकदा कोथरूडला जाऊन हॉलमध्ये उभ्या राहून मोठ्याने बोला, आणि ते रेकॉर्डिंग परत लावून ऐका. काहीच आलं नाही तर काम झालं. ज्या कॅमेऱ्यात ही सोयच नाही, तो तिथून काढा.

"आपलं घर, आपले कॅमेरे" या तुमच्या मिस्टरांच्या बोलण्याला कायद्यात थोडा आधार आहे, ते आधी मान्य करते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, पण एखाद्याने स्वतःच्या खासगी किंवा घरगुती कारणासाठी माहिती हाताळली तर तो लागू होत नाही, असं त्याच्या तिसऱ्या कलमातच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, पण तो निकाल मुख्यतः सरकार आणि नागरिक यांच्याबद्दल आहे. तेव्हा घराच्या दारावर कॅमेरा लावला म्हणून कुणी तुमच्या मिस्टरांना दोषी म्हणणार नाही. पण घर आपलं असलं की सगळे प्रश्न मिटले, असंही नाही. कलकत्त्यात एका राहत्या घरातल्या सहरहिवाशांचा वाद होता. एकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे लावले होते. २०२५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने हा खासगीपणाचा भंग आहे असं म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. घरात हक्काने राहणाऱ्याच्या बाबतीत न्यायालय एवढं जपतं, तर तुम्ही बोलावून घेतलेल्या पाहुण्याचा विचार आपण करायला नको का?

कारण ते लोक पाहुणेच आहेत. आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी करायला निघालेत, पंधरा-वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेणार आहेत. घरात उभं राहूनच त्यांना बोलायचं असतं: पलंग कुठे बसेल, आईच्या गुडघ्यांना तिसरा मजला झेपेल का, पैसे कुठून उभे करायचे, कुणाकडे मागायचे. एजंटसमोर हे बोलता येत नाही, म्हणून तो खाली गेल्यावर ते बोलतात. ती चार मिनिटं त्यांची असतात. तुम्हाला पटत नाही असं तुम्ही लिहिलंय, ते याच चार मिनिटांबद्दल आहे, आणि तुमचं न पटणं बरोबर आहे.

म्हणून दारावर, आत शिरण्याआधी नजरेला पडेल असा एक कागद लावा. मजकूर साधा ठेवा: "या घराच्या दाराबाहेर आणि हॉलमध्ये एकेक कॅमेरा चालू आहे. आवाज रेकॉर्ड होत नाही. आतल्या खोल्यांत कॅमेरा नाही. आपण निवांतपणे घर पाहावं." हे लिहिलेलं शब्दशः खरं असलं पाहिजे. एजंटांनाही सांगा की भेट ठरवताना फोनवरच गिऱ्हाइकाला कल्पना द्या. यामुळे लोक बिचकतील अशी भीती तुमच्या मिस्टरांना वाटेल. पुण्यात आता सोसायटीच्या फाटकावर, लिफ्टमध्ये, वाण्याच्या दुकानात कॅमेरा असतो, लोकांना त्याचं काही वाटत नाही. न सांगता ऐकलं गेलं हे मागाहून कळलं तर मात्र वाटतं, आणि झालेला सौदाही त्यावरून मोडू शकतो. कोथरूडमधले एजंट एकमेकांना ओळखतात, गोष्ट पसरायला वेळ लागत नाही.

तसाच हक्क तुम्हालाही आहे. अमेरिकेतल्या मुलाला दाखवायचं म्हणून लोक सरळ व्हिडिओ कॉल लावून घरभर फिरतात. खोल्यांचा व्हिडिओ चालेल, पण काकू आणि त्यांचं दार त्यात घेऊ नका, असं एजंटमार्फत सांगायला काही हरकत नाही.

आता तो सव्वा कोटीचा आकडा.

तो वापरू नका. तुमचे मिस्टर म्हणतील, ते लोक तरी एक-दहापासून सुरू करणारच होते ना? होते, आणि तो त्यांचा डाव आहे, जसा तुमचा एक-तीस सांगून एक-पंधरापर्यंत यायचा होता. घासाघीस दोन्ही बाजूंनी आपापले पत्ते हातात धरून होते. त्यांचे पत्ते तुम्ही चोरून पाहिलेत, मुद्दाम नसेल, पण पाहिलेत. त्यानंतर त्याच आकड्यावर अडून बसणं याला मी घासाघीस म्हणणार नाही.

आणि एक व्यवहाराची गोष्ट, जी मिस्टरांना माझ्या बाकीच्या बोलण्यापेक्षा लवकर पटेल. अर्धवट ऐकलेल्या आकड्याचा अर्थ तुम्हाला माहीत नाही. "सव्वा कोटीपर्यंत जाऊ" म्हणजे घराची किंमत की सगळा खर्च धरून? पुण्यात खरेदीखतावर ७ टक्के मुद्रांक शुल्क आहे. खरेदी फक्त बाईच्या नावावर असली तर एक टक्का कमी, पण जोडप्याने मिळून घेतलं तर पूर्ण. नोंदणी फी ३० हजार. एजंटची एक टक्का दलाली धरू. आता १ कोटी १५ लाखांच्या घरावर हिशेब करा: शुल्क ८ लाख ५ हजार, नोंदणी ३० हजार, दलाली १ लाख १५ हजार. बेरीज होते १ कोटी २४ लाख ५० हजार. म्हणजे त्या दोघांच्या डोक्यातला सव्वा कोटी हा सगळा मिळून असला, तर घराच्या वाट्याला येतात ते तुमचेच एक-पंधरा. आणि तुमचे मिस्टर सव्वाच्या खाली यायला तयार नाहीत म्हणून एक चांगलं कुटुंब हातचं जाईल. त्यांचा अर्थ हाच होता असं मी म्हणत नाही. पण दुसऱ्याच्या घरगुती बोलण्यातला एक तुकडा उचलून त्यावर कोटीचा निर्णय बांधणं धोक्याचं आहे, एवढं नक्की.

ऐकलेलं विसरता येत नाही, हे खरं. म्हणून किंमत अशा ठिकाणाहून काढा जिथे त्या आकड्याचा संबंधच येणार नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे, तिथे झालेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचे सारांश, पाहता येतात. तुमच्या सोसायटीतले आणि आसपासच्या त्याच वयाच्या इमारतींतले गेल्या दोन वर्षांतले व्यवहार काढा. क्षेत्रफळ कार्पेट (भिंतींच्या आतलं) लिहिलंय की बिल्टअप (भिंतींसकट) ते नीट बघा, नाहीतर तुलना फसते. पार्किंग होतं का, लिफ्ट आहे का, पुनर्विकासाची बोलणी कुठवर आली आहेत, हे धरा. त्यातून मिस्टर आणि दीर दोघांनी मिळून एक अपेक्षित किंमत आणि एक शेवटची किंमत ठरवावी आणि कागदावर लिहून ठेवावी. खरेदीखतावर दोघांनाही सही करायची आहे, तर किंमतीवरही दोघांचं एकमत आधीच हवं. मग हे जोडपं येवो की दुसरं कुणी, सगळ्यांशी त्याच कागदावरून बोला. व्यवहार पाहून घराची किंमत १ कोटी २२ लाख निघाली तर तेवढे मागा, संकोच करू नका. चांगला भाव मिळवण्यात काही वाईट नाही.

त्या खोलीबद्दल जे बोललं गेलं ते तुमच्या जिव्हारी लागलं. लागणारच. ज्या खोलीत सासूबाईंची शेवटची वर्षं गेली, तिच्याबद्दल कुणी असं बोललं की आपल्या माणसाबद्दलच बोलल्यासारखं वाटतं. पण त्या बाई तुम्हाला ओळखत नाहीत, सासूबाईंना त्यांनी पाहिलेलं नाही. बंद खोलीत उभं राहून आपल्या सुनेला त्या खर्चाचा अंदाज देत होत्या. तुमच्या तोंडावर त्या असं कधीच बोलल्या नसत्या. आवाज बंद करा म्हणते त्यात तुमचाही विचार आहे. घर विकणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या तोंडून आपल्या घराबद्दल सगळं ऐकणं हे मनाला सोसणारं नाही. त्यातला कामाचा भाग तेवढा घ्या: गादी आणि जुने पडदे काढून टाका, कपाटं उघडी करून सुकू द्या, आठवड्यातून दोन-तीनदा खिडक्या उघड्या ठेवा. तरी वास राहिला तर बाथरूमकडच्या भिंतीत ओल आहे का, ते बघून घ्या. तशी काही गळती असेल तर ती खरेदीदाराला सांगणंही तुमचं कर्तव्य आहे, तेच कलम ५५.

दिरांशी बोलताना जरा सांभाळून बोला. आईच्या खोलीबद्दल ऐकून त्यांचाही जीव दुखावला, म्हणून त्यांनी क्लिप टाकली. पण त्या क्लिपमध्ये चार अनोळखी माणसांचे चेहरे आणि त्यांचं घरगुती बोलणं आहे, आणि घरच्या ग्रुपवरची क्लिप घरातच राहते असं नाही. कुणाचा तरी भाचा पुढे पाठवतो. ग्रुपवरून आता ती सगळ्यांसाठी पुसता येत नसेल, तर प्रत्येकाला आपापल्या फोनमधून काढायला सांगा. तुम्ही आधी काढा आणि मग सांगा. ते अर्धे मालक आहेत, त्यामुळे त्यांना ॲपमधून वगळू नका. पण पासवर्ड बदला, मूळ खातं एकाच फोनवर ठेवा, त्यांना फक्त बघण्यापुरती परवानगी द्या, आणि चित्र कुठेही पाठवायचं नाही हे तिघांनी फोनवर बोलून ठरवा. सासूबाईंची बाई, कॅमेरे बसवून गेलेला माणूस, यांच्याकडे जुना पासवर्ड असू शकतो, त्यासाठीही तो बदलायला हवाच. कॅमेऱ्यासोबत आलेला तयार पासवर्ड अजून तसाच असेल तर तो कुणालाही शोधता येतो.

खरोखर चोरी किंवा मोडतोड झाली तर कार्डावर नवं लिहिलं जाण्याआधी तेवढं चित्रीकरण वेगळं काढा, मूळ कार्ड जपा, आणि पोलिसांकडे जा. न्यायालयात असा पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, ते पोलीस आणि वकील सांगतील. त्यापेक्षा देवातली चांदी, पासबुकं, जुनी कागदपत्रं याच आठवड्यात बाणेरला आणा.

आणि काकू.

हे सगळ्यात अवघड आहे, पण आवाज बंद केला की लगेच हेच करा. फोनवर नको. त्यांच्या घरी जा, घरात दुसरं कुणी नसेल अशी वेळ बघून. म्हणा, "काकू, त्या कॅमेऱ्यात आवाजही येत होता. मी तुम्हाला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. एकदा तुम्ही फोनवर बोलत होतात, ते माझ्या कानावर पडलं. मी लगेच बंद केलं, कुणाला बोलले नाही, आणि आता आवाज कायमचा बंद केलाय." त्या काय बोलल्या होत्या ते मात्र उच्चारू नका. त्यांनी स्वतःहून विषय काढला तर ऐका, नाही काढला तर तो त्यांचा. काकूंचं ते बोलणं ॲपवर दिरांनीही ऐकलं असण्याची शक्यता आहे, ते आधी विचारून घ्या, म्हणजे काकूंना खोटा दिलासा दिला जाणार नाही.

नुसतं "आवाज बंद केला" एवढंच सांगून सुटता येईल असं तुमच्या मनात येईल. तसं करू नका. मग त्या रात्रभर आठवत बसतील, मी तिथे कधी काय बोलले, हिने किती ऐकलं. आणि तुमच्याकडे पाहताना दर वेळी तो प्रश्न त्यांच्या डोळ्यांत येईल. त्या तुमच्या घरात बसून रडल्या, कारण स्वतःच्या घरात त्यांना तेवढा एकांत मिळत नसावा. तुमच्या सासूबाईंचं घर त्यांना आपलं वाटत होतं. त्यांना राग येईल, कदाचित दोन-चार दिवस बोलणार नाहीत. येऊ द्या. तीस वर्षांचा शेजार खऱ्या बोलण्याने तुटत नाही.

त्याच वेळी त्यांना हेही विचारा की दार उघडून द्यायचं काम त्यांना नकोसं तर झालेलं नाही. अनोळखी माणसांसाठी दुपारची झोप मोडून उठायचं, वर चांदी-भांड्याची जबाबदारी आपल्यावर, हे वय झालेल्या माणसाला जड असतं, आणि त्या तोंडाने म्हणणार नाहीत. बाणेरहून कोथरूड लांब नाही. शनिवार-रविवारी दोन ठरावीक वेळा ठेवा, त्या वेळी तुम्ही किंवा मिस्टर स्वतः तिथे जा आणि एजंटांना सांगा की गिऱ्हाइकं त्याच वेळेत आणा. घर दाखवून झालं की तुम्ही बाल्कनीत किंवा खाली जा, त्यांना आपसात बोलू द्या. मालक स्वतः हजर असला की गिऱ्हाइकाला विश्वास वाटतो, पाणी किती वाजता येतं, दुपारी ऊन कुठून येतं हे त्याला विचारता येतं, आणि कॅमेऱ्यात डोळे घालून बसायची तुमची गरजही बरीच कमी होते.

सौदा ठरल्यावर साठेखतात पंखे, गीझर, कपाटांबरोबर कॅमेऱ्यांचाही उल्लेख करा, ते राहणार की तुम्ही नेणार. माझं मत, न्या. तरी ठेवायचे ठरलं तर ताबा देण्याआधी कार्डं काढून घ्या, कॅमेरे मूळ स्थितीला आणा आणि तुमच्या व दिरांच्या ॲपमधून ती उपकरणं खात्यासकट काढून टाका. नुसतं ॲप पुसल्याने जोडणी तुटत नाही. नव्या माणसांसमोर हे करा, म्हणजे त्यांच्या मनात शंका उरणार नाही.

काकूंशी बोलणं झालं की मला कळवा.